विन्शगाऊ खोऱ्यातली जुनी चर्च : तीन दिवसांत काय बघावं?

वाटसरू७ :
सप्टेंबरमध्ये मी आणि बाबा उत्तर इटलीत मेरानला उतरतोय. तिथून वरच्या विन्शगाऊ खोऱ्यासाठी (इटालियनमध्ये व्हाल व्हेनोस्ता) तीन दिवस मोकळे ठेवलेत. बाबांना जुन्या भित्तिचित्रांचं वेड आहे. गुडघे दुखतात, त्यामुळे चढ जमणार नाही, आणि गाडीही घेणार नाही. चर्चची यादी काढली तर ती संपेचना. रेशन तलावातून वर आलेला तो मनोरा मात्र सगळेच सांगतात. त्याला एक दिवस द्यावा का? कोणी ही चर्च नीट बघितली असतील तर सांगा.

ओला गिलावा :
मनोऱ्याला दिवस देऊ नका, तासभर पुरे. तो पूर्ण दिवस म्युश्टाइरच्या मठाला द्या. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर या खोऱ्यात दोनदा जाऊन आले, आणि दुसऱ्यांदा गेले ती केवळ म्युश्टाइरसाठी.

म्युश्टाइर सीमेपलीकडे, स्वित्झर्लंडमध्ये आहे. माल्सहून बस जाते. गावाचं नावच लॅटिनमधल्या ‘मठ’ या शब्दावरून आलंय. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७७४ मध्ये इटलीतलं लोंबार्डांचं राज्य जिंकलं, आणि मठाच्या लाकडांतली वर्तुळं मोजून बांधकामाचा काळ निघतो तो ७७५ च्या सुमाराचा. म्हणजे आल्प्सच्या घाटवाटा हाताशी येताच इथे मठ उभा राहिला. राजा हिमवादळातून वाचला आणि त्याने नवस फेडला, अशी गोष्ट गावात सांगतात. मला ती लाकडाची साक्ष जास्त भावते.

आत साधारण ८०० सालची चित्रं आहेत, भिंती भरून. गेरूचा लाल, पिवळी माती, राखाडी, एवढ्याच रंगांत. पुढे १२०० च्या आसपास त्यांच्यावर नवा गिलावा चढवून पुन्हा चित्रं काढली गेली. नंतर चुना फासला गेला, पंधराव्या शतकाच्या अखेरीस सपाट छत काढून कमानी बसवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कमानींच्या वर, माळ्याच्या अंधारात, दोन अभ्यासकांना जुनी चित्रं सापडली. सगळ्या भिंती मोकळ्या व्हायला १९४७ ते १९५१ ही वर्षं लागली. वरची काही चित्रं उतरवून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलीत, त्यामुळे तिथल्या भिंती ओक्याबोक्या वाटतात. बाबांना आधीच सांगून ठेवा.

मधल्या अर्धगोलासमोर, म्हणजे वेदीमागच्या गोलाकार भिंतीसमोर, बसा. वर ख्रिस्त आहे तो ८०० चा. खाली बायबलमधली राजा हेरोदची मेजवानी, सालोमेचा नाच आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानचा शिरच्छेद, ते १२०० चं. एकाच भिंतीवर दोन चित्रकार, मध्ये चारशे वर्षं. वरच्याची रेघ जाड, घाईची, पण हात बसलेला. खालचा कपड्याची एकेक चुणी आखतो. ज्या चुन्याने ही चित्रं पुसली असं आपण म्हणतो, त्याच चुन्याखाली ती टिकली. मी तिथे वही काढली आणि एक रेघही ओढली नाही, नुसती बघत बसले.

मग पश्चिमेच्या भिंतीकडे वळा. तिथला अंतिम न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्यांचा निवाडा करतो ते चित्र, एवढ्या मोठ्या आकारात काढलेल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे. फिकट झालाय, डोळे सरावायला वेळ द्या. बाराव्या शतकापासून इथे बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या पंथाच्या) साध्वी राहतात. प्रार्थनेची वेळ असेल तर बोलणं थांबवा.

उरलेले दोन दिवस रेल्वेवर होतील. मेरान–माल्स गाडी २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नातुर्न्सला उतरून सेंट प्रोकुलस बघा. एवढंसं चर्च, आणि दोरीवर बसलेला एक माणूस, डोळे मोठाले. चित्राच्या काळावर अजून वाद आहेत. पण तो बघताना वय विसरायला होतं. माल्सला सेंट बेनेडिक्ट. तिथे हातात चर्चची प्रतिकृती धरलेला धर्मगुरू आणि तलवार घेतलेला फ्रँक सरदार आहे. धर्मगुरूच्या डोक्यामागचं वलय चौकोनी आहे, म्हणजे चित्र काढताना माणूस हयात होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार बंद होतं. वेळा आधी विचारून ठेवा.

घाटवाट :
ताईंनी सांगितलेल्या त्या दोरीवरच्या माणसाबद्दल थोडं. त्याला झोपाळ्यावरचा माणूस म्हणतात, पण तो खेळत नाहीये. एक मत असं की हा व्हेरोनाचा बिशप प्रोकुलस, शहराच्या तटावरून दोराने उतरवला जातोय. दुसरं मत, हा बायबलमधला, दमास्कसमधून निसटणारा प्रेषित पॉल. मला पहिलं पटतं, कारण चर्च त्याच्याच नावाचं आहे. पश्चिमेकडच्या भिंतीवरची गुरंही चुकवू नका, या भागात प्रोकुलस गुरांचा रक्षक मानला जातो.

म्युश्टाइरच्या बसमध्ये ताउफर्स गाव येतं. तिथल्या सेंट योहान चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर प्रचंड मोठा सेंट क्रिस्टोफर, प्रवाशांचा रक्षक संत, आहे. त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी श्रद्धा होती, म्हणून घाट चढणाऱ्यांना लांबून दिसेल असा काढायचे.

वाटसरू७ :
दोघांचेही आभार. बाबांनी ‘मधल्या अर्धगोलासमोर बसा’ हे वाक्य दोनदा वाचून घेतलं. मारीनबेर्गचा मठही यादीत आहे. तो जमेल का? आणि दुर्बीण घ्यावी का?

ओला गिलावा :
दुर्बीण नक्की घ्या, लहान चालेल. म्युश्टाइरच्या वरच्या ओळींतले चेहरे खालून नुसत्या डोळ्यांनी हाती लागत नाहीत.

मारीनबेर्ग १३४० मीटरवर, बुर्गाइसच्या वरच्या उतारावर आहे. चालत जाऊ नका, बाबांच्या गुडघ्यांना ते नको. तळघरातली चित्रं ११७५ ते ११८० च्या सुमाराची. सतराव्या शतकापासून तिथे साधूंना पुरत असत, १९८० मध्ये ती थडगी हलवली तेव्हा चित्रं पूर्ण दिसू लागली. निळा रंग इतका ताजा राहिला तो थडग्यांआड झाकून राहिल्यामुळेच. पण श्वासाच्या ओलाव्याने ती खराब होतात, म्हणून आत फार थोडा वेळ सोडतात. ते जुळलं तर वाहनाने वर जा, नाहीतर सोडून द्या. म्युश्टाइरचा वेळ मात्र कापू नका.

आणि मनोरा. ग्राउन गावातल्या चौदाव्या शतकातल्या चर्चचा तो. १९५० मध्ये धरणासाठी दोन तलाव एक केले, गाव पाण्याखाली गेलं, चर्च पाडलं, मनोरा तेवढा राहिला. घंटा आधीच उतरवलेल्या. तरी हिवाळ्यात त्या वाजतात असं तिथले लोक सांगतात. काठावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. आपण थोडं बाजूला जाऊन, ज्यांची घरं त्या पाण्याखाली आहेत त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहावं. मी राहिले होते.

वाटसरू७ :
ठरलं. पहिला दिवस नातुर्न्स, दुसरा माल्स, संध्याकाळी जमल्यास मनोरा, तिसरा पूर्ण म्युश्टाइर. बाबांनी वही घेतली आहे.