मदत हवी आहे: सोर्स कोड नसताना मायएसक्यूएलची क्वेरी बदलायची आहे

नमस्कार मंडळी. आमच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर जुनं, बनवणाऱ्याने कधीच गाशा गुंडाळलाय. हातात फक्त इएक्सई फाईल आणि मायएसक्यूएल 5.7 डेटाबेस. रोजचा रिपोर्ट उघडायला चहा पिऊन होतो! स्लो लॉगमध्ये (हळू चालणाऱ्या क्वेरींची नोंद) चोर सापडला: 'व्हेअर डेट(बिल_तारीख) = ...'. कॉलमवर फंक्शन लावल्याने इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नुसता बसून राहतो.

मायएसक्यूएलमध्येच क्वेरी बदलून देणारं रीरायटर प्लगइन टाकून पाहिलं. त्या जागी 'या तारखेपासून, दुसऱ्या दिवसाच्या आधीपर्यंत' असं लिहायचंय, म्हणजे तीच तारीख दोनदा लागते. पण मूळ पॅटर्नमध्ये प्रश्नचिन्ह (तारखेची मोकळी जागा) एकच, आणि बदललेल्या क्वेरीत त्याहून जास्त चालत नाहीत. तिथेच घोडं अडलं.

आता सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांच्या मधोमध प्रॉक्सीएसक्यूएल (येणारी क्वेरी बदलून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) बसवावा म्हणतो, पोर्ट 6033 वर. त्याच्या रेजेक्समध्ये (मजकूर शोधायचा साचा) पकडलेला तुकडा दोनदा वापरता येतो. पण प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (क्वेरी आधी, किमती नंतर पाठवायची पद्धत) तारीखच नसते, नुसतं प्रश्नचिन्ह. तिथे कोणी काय केलंय?

जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा) आणि त्यावर इंडेक्स हा मार्गही डोक्यात आहे, पण या सॉफ्टवेअरचे इन्सर्ट (नवी नोंद टाकायच्या क्वेरी) कॉलमची नावं न देताच होतात, एक कॉलम वाढला की बिलं अडकणार. दिवाळीच्या गर्दीआधी सुटलं तर बरं.