पंथ सोडून नऊ वर्षं झाली, आता तिबेटचं पठार डोक्यातून जात नाही

रिवायंडिंगवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे. आधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल हे ट्रॅव्हलवाल्याला विचार की.

जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वय ३९. घर दोन पिढ्यांपासून एका पंथात. नाव लिहीत नाही, कारण मायला अजून त्याच लोकांत राहायचंय. पहाटे चारला गार पाण्यानं आंघोळ, मग नेम, मग १०८ मण्यांची माळ. कांदा-लसूण नाही, चहा नाही, पंथाबाहेरच्या घरचं पाणीसुद्धा नाही. पोळ्याला बैल ओवाळायचे नाहीत. गल्लीतून दिंडी निघाली की दार लोटून घ्यायचं. ईदच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरचा मित्र डब्यात शीरखुर्मा आणायचा. तो झाकण उघडायचा अन् मी तोंड तिकडं फिरवून वास मात्र पुरा घ्यायचो.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल. आमच्याकडं विहिरींचे तळ दिसायले होते. गावाबाहेर एकाच शेतातल्या बोअरला पाणी टिकून होतं आणि नेमकी त्याची पाणबुडी मोटार जळाली. आली माझ्याकडं. रात्रभर बसून वायंडिंग भरलं, बुश बदलले, सकाळी मोटार खाली सोडली. स्टार्टर दाबला तर पायपातनं आधी नुसती हवा, मग लाल गढूळ, मग नितळ धार. बाया घागरी घेऊन पळत आल्या. शेतमालकानं पहिला तांब्या माझ्यापुढं धरला. त्या घरचं पाणी आमच्यात चालणारच नव्हतं. खालून वर मी आणलेलं पाणी, अन् मीच प्यायचं नाही. प्यालो. सभेत माझं नाव निघालं, प्रायश्चित्त सांगितलं, ते मी घेतलं नाही. एवढंच झालं. लोकांना वाटतं मोठं वैचारिक भांडण झालं असेल. विचार नंतर बदलले, हळूहळू, दुकानात बसून.

बाहेर पडल्यावर काय होतं हे मात्र कुणी सांगत नाही. पहिल्यांदा टपरीवर गेलो तेव्हा पोरगा म्हणला, कट का फुल? मला काहीच कळेना, मी म्हणलं दोन्ही दे. ठरलेलं लग्न मोडलं. माय बोलते, जेवायला वाढते, पण माझं ताट-वाटी वेगळी. मीटरच्या शेजारच्या फळीवर पालथी असते. घासायची मीच, ठेवायची मीच. त्यावरून भांडण नाही, काही नाही. अन् पहाटे चारला जाग येतेच. नेम गेला, वेळ राहिली. आधी नुसता वरच्या पत्र्याकडं बघत पडायचो. आता मोबाईलवर तिबेट बघतो.

हे खूळ जुनं आहे. शाळेच्या नकाशासंग्रहात हिमालयाच्या वर एक गडद तपकिरी पट्टा होता. एवढा मोठा, पण त्यात गावांची नावं फार थोडी. सभा चार-चार तास चालायची, मी ते पान पोथीत घालून बसायचो. मला वाटायचं, जिथं गावाचं नाव नाही तिथं सभा पण भरत नसेल.

आता माहितीही बरीच जमवलीय. सरासरी उंची साडेचार हजार मीटर, पसारा साधारण २५ लाख चौरस किलोमीटर. आपला मराठवाडा पासष्ट हजाराच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास चाळीस मराठवाडे त्यात मावतील. तेही पर्जन्यछायेतलंच. आपले ढग सह्याद्री अडवतो, त्यांचे हिमालय. त्या पठारावरच्या चांगथांग नावाच्या भागात मेंढपाळ याकच्या केसांच्या काळ्या तंबूत राहतात. झाड नाही म्हणून याकचं शेण वाळवून जाळतात. खायला त्सांपा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, लोणी-मिठाच्या चहात बोटांनी कालवून. गंमत बघा, आपण ज्याला सातूचं पीठ म्हणतो त्यात गहू अन् डाळं, सातू औषधालाही नसतो. नावापुरतं राहिलंय. त्यांचं खरंच सातूचं.

तर विचारायचं हे, की जूनमध्ये पाऊस लागला की मोटारी बंद, आषाढ-श्रावणात माझं दुकान रिकामं. पंधरा दिवस काढता येतील. खरं तिबेट जमेल का लडाखवर भागवू? आणि दुसरं जरा अवघड आहे. व्हिडिओत लामा दिसले की मी पुढं ढकलतो. मग परत मागं घेऊन बघतो. मला पठार बघायचंय का परत एक मठ पाहिजे, हे माझं मलाच कळेना. कडक घरातून बाहेर पडलेलं कुणी इथं असेल तर सांगा.

खडकाळ_रान

भाऊ, पाण्यापायी पंथ सोडला अन् आता जिथं पाऊसच पडत नाही तिथं निघालाव! लेहला वर्षाचा मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडं तेवढा एका रात्रीत पडून सोयाबीन घेऊन जातो. जा जा, गंमत करायलो. येताना तिथला मेंढपाळ कापूस लावतो का तेवढं विचारून या, आमचं तर बोंडअळीनं वाटोळं केलं.

बीडकर_मास्तर

मी दोनदा लडाखला जाऊन आलोय, शाळेला सुट्टी अन् खिशाला झळ, दोन्ही बघून. कामाचं तेवढं सांगतो.

खरं तिबेट तुमच्या पंधरा दिवसांत अन् बजेटात बसवू नका. चीनचा व्हिसा लागतो, त्यावर तिबेटचा वेगळा परवाना, आणि एकट्यानं फिरू देत नाहीत, एजन्सी अन् गाइड घ्यावाच लागतो. कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये परत सुरू झाली, लिपुलेख आणि नथु ला दोन्ही वाटांनी. पण ती यात्रा आहे. ठरलेली तुकडी, ठरलेल्या वेळा, सोबतीला भजनं. तुम्ही जे सोडून आलात त्यात परत कशाला बसता?

लडाखचा पूर्वेकडचा भाग म्हणजे त्याच पठाराची आपल्याकडं आलेली कड. नावही चांगथांगच. त्सो मोरिरी तलाव आणि काठचं कोरझोक गाव, दोन्ही साडेचार हजार मीटरवर. तिथले मेंढपाळ, चांगपा लोक, शेळ्या घेऊन कुरण बदलत फिरतात. पश्मिना त्याच शेळ्यांची, वरच्या केसांखालची मऊ लोकर, वसंतात विंचरून काढतात. तिकडंच हनले आहे, तिथं भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि आजूबाजूचा परिसर रात्रीच्या अंधारासाठी राखीव ठेवलाय. तुमची चारची जाग तिथं वाया जाणार नाही. मी साडेतीनला बाहेर आलो तर आकाशगंगेच्या उजेडात माझ्याच हातातला थर्मास दिसत होता. हे भाग सीमेजवळचे, परवान्याचे नियम बदलत राहतात, लेहमध्ये पोचल्यावर आधी ते विचारा.

श्रावणाचं म्हणाल तर लडाखात तेव्हा ऊन असतं, पण मनालीची वाट दरडी कोसळून कधी बंद पडेल याचा नेम नाही. सप्टेंबर काढता आला तर सोनं. नाहीच जमलं तर श्रीनगरकडून चढा. जालन्याहून सचखंड एक्सप्रेस पकडली की थेट दिल्ली. सोबत ताट आणि डबा ठेवा. वाटेत स्टेशनांवर लंगर येतं, गरम भाजी-पोळी, कुणी काही विचारत नाही. मला त्या लंगरचं फार कौतुक आहे, पण तो विषय वेगळा.

एक ताकीद. लेह ३५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस काहीही करू नका, पडून राहा, पाणी प्या. डोकं दुखलं तर वर चढायचं नाही, वाढलं तर खाली यायचं. आधी डॉक्टरांना दाखवून या. आपलं शरीर उंचीवर गेलं की रक्तातलं हिमोग्लोबिन वाढवतं, रक्त घट्ट होतं. तिबेटी लोकांचं तेवढं वाढत नाही. ईपीएएस१ नावाच्या जनुकाचा त्यांच्यातला प्रकार वेगळा आहे, हे २०१० मध्ये कळलं. त्यांचं बघून आपण पळापळ करायची नाही. माझ्या सोबतच्या सरांनी पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढल्या अन् रात्र बादलीपाशी काढली.

कडुनिंब

दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मीही सोडलंय. घर वेगळं, नेम वेगळे, पण ती फळीवरची वाटी वाचली आणि मोबाईल खाली ठेवला.

मी बाहेर पडल्यावर दोन वर्षांत एका ध्यानाच्या शिबिराला गेले. दहा दिवस मौन. मला वाटलं इथं देव नाही, म्हणजे धोका नाही. सहाव्या दिवशी शेजारच्या बाई ध्यानात डोळे उघडून खिडकीबाहेर माकडं बघत होत्या. मी जाऊन त्यांची तक्रार केली! स्वतःहून, चिठ्ठी लिहून. लहानपणी माझ्या आत्यानं माझी अशीच तक्रार केली होती. शिबिराचा काही दोष नव्हता. मीच ते घरातून भरून नेलं होतं, डब्यासारखं.

लडाखला धर्म टाळता येणार नाही हे धरून चला. वाटेवर कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती असतात, त्या उजव्या हाताला ठेवून जायचं. तिबेटात बोन नावाची जुनी परंपरा मानणारेही आहेत, ते प्रदक्षिणा उलटी घालतात. एकाच डोंगराला काहीजण इकडून, काहीजण तिकडून. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. का ते सांगता येत नाही.

आणि व्हिडिओत पुढं ढकलता ते आधी इथंच बघून घ्या की. वेरूळची १२ नंबरची लेणी, तीन मजली. बहुतेक लोक कैलास बघून तिथून परत फिरतात. आत बुद्धाभोवती आठ बोधिसत्त्व नऊ चौकोनांत कोरलेत, मंडलासारखे, आणि तारा नावाच्या देवीच्या मूर्ती आहेत. जे तिबेटात गेलं त्यातलं थोडं आपल्या काळ्या दगडात आधीच आहे. तिथं अर्धा तास बसून बघा. हात जोडावेसे वाटले की नुसतं बघावंसं वाटलं ते कळवा.

अजून एक, सध्या तिबेटी स्वेटरवाले आले असतील ना तुमच्याकडे? त्यांच्याशी बोललात का कधी?

जुने_नकाशे

माळ टाकली नसेल तर ठेवा. नैनसिंग रावत ठाऊक आहेत का? कुमाऊंचे, शाळामास्तर. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यानं त्यांना यात्रेकरूच्या वेषात तिबेटात पाठवलं, कारण साहेब लोकांना तिथं शिरकाव नव्हता. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. त्यांच्या हातातल्या माळेत १०८ नाही, १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. मैलाला दोन हजार पावलं, म्हणजे मैलाला वीस मणी. टिपणं प्रार्थनाचक्राच्या आत लपवलेली. लोकांना वाटायचं जप चाललाय. तुमच्या नकाशासंग्रहातल्या त्या तपकिरी पट्ट्यात जी थोडीफार नावं होती, त्यांतल्या काहींच्या मागं ही चालणी आहेत.

रिवायंडिंगवाला

सगळ्यांचे आभार. मास्तर, सप्टेंबर धरला. तेव्हा रब्बीच्या मोटारी अजून यायच्या असतात, आठवडा इकडं-तिकडं पोरगा सांभाळेल. ताई, वेरूळ राहिलंय, या महिन्यात जातो आणि खरं काय ते लिहितो.

स्वेटरवाल्यांकडं गेलो होतो रविवारी, जालन्यात. सगळ्यात कडेच्या दुकानात एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी आधी टोपी बघितली, मग दुसरी टोपी, मग विचारलं, तिबेट में आपका गाँव कौनसा? त्या हसल्या. म्हणल्या, भैया, मैंने भी नहीं देखा. जन्म मुंडगोडचा, कर्नाटकात. १९६६ मध्ये तिथं वसाहत झाली तेव्हा त्यांची आजी आलेली. घरी मक्याची शेती. मधेच फोन आला तर झक्क कानडीत बोलल्या. त्सांपा मिळतो का विचारलं तर म्हणल्या, सुबह तो पोहे खाए. मी एवढी वर्षं त्या बाजारावरनं गेलो की मनात म्हणायचो, ही माणसं तिथली. त्यांनाही ते पठार फोटोतलंच. टोपी साडेतीनशेची, तीनशेला दिली.

अन् नैनसिंगांचं वाचल्यापासून चैन पडेना. माळ माझ्याकडं होतीच, ट्रंकेत, जुन्या स्टार्टरच्या खोक्यात. काल रात्री काढली, कटरनं दोरा तोडला, आठ मणी बाजूला ठेवले आणि उरलेले शंभर नायलॉनच्या दोऱ्यात परत ओवले. आज पहाटे चारला निघालो. दुकानापासून बसस्टँडपर्यंत चौदा मणी आणि वर साठ पावलं. कुत्र्यांनी दोनदा हिशेब चुकवला, म्हणून येताना परत मोजलं. तेवढंच भरलं.

परत आलो तर माय उठलेली. तिचा नेम झाला होता. ते आठ मणी ओट्यावर राहिले होते, तिनं वाटीत जमा केले होते. माझ्या वाटीत. म्हणली, हे फेकू नको, मला दे. मी म्हणलं घे. तिनं पदराच्या टोकाला बांधले आणि चूल पेटवायला गेली.

हनलेला राहायला घरगुती सोय आहे का, कुणाला माहीत असेल तर भाव टाका.