सल्ला हवा: ख्रिसमसला सासू-सासऱ्यांसोबत कुठला ब्रिटिश विनोदी 'ख्रिसमस स्पेशल' बघावा? जुना चालेल, शिळा नको

रेडिंगची_रमा

नमस्कार मंडळी. सासू-सासरे यंदा डिसेंबरात पुण्याहून आमच्याकडे येताहेत. यूकेवाल्यांना माहीतच आहे की २५ तारखेला ट्रेन बंद, बस जवळपास बंद, दुकानांना कुलपं आणि चारच्या सुमारास अंधार. म्हणजे दिवसभर सगळे एका खोलीत. पत्ते, पुरणपोळी, झोप हे झालं तरी संध्याकाळ उरतेच.

बाबांना (सासरे) इथले लोक त्या दिवशी जे करतात तेच करायचंय. म्हणजे तीनला राजाचं भाषण, डोक्यावर कागदी टोपी आणि मग टीव्हीवर एखाद्या विनोदी मालिकेचा ख्रिसमसचा खास भाग. ऑफिसात विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव घेतलं, 'मिसेस ब्राउन्स बॉइज'. मागच्या ख्रिसमसला आम्ही दोघांनी ते बघितलं होतं. मुलाचा मित्र बस्टर ब्रेडी दरवर्षीप्रमाणे काहीतरी भानगडीचं झाड घेऊन येतो, झाड मिसेस ब्राउनवर उलटतं, प्रेक्षक खदखदतात, शेवटी आई हळवं बोलते, संपलं. नवरा म्हणाला, "हा गेल्या वर्षीचाच भाग लागलाय का?" तो खरंच नवा होता.

तर असं सुचवा जे आधीचं काही न बघता कळेल, शिव्या कमी असतील आणि चारचौघांत रिमोट शोधायची वेळ येणार नाही. बाबा बँकेत होते, इंग्रजी उत्तम, पण इथले उच्चार झेपत नाहीत. आईंना खाली अक्षरं दिसली की सगळं समजतं.

चहाबाज

सबटायटल्सची काळजी सोड, आयप्लेअरवर (बीबीसीची ऑनलाइन सेवा) बहुतेक सगळ्याला असतात. टीव्ही लायसन्स आहे ना? आयप्लेअरला लागतंच.

मिसेस ब्राउन मात्र सासूसोबत अजिबात नको. दर दुसऱ्या वाक्याला 'फेक' ही आयरिश शिवी.

पेकहॅमचा_पाहुणा

'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस', १९९६. डोळे झाकून.

आता सविस्तर. १९८१ साली सुरू झालेली मालिका, लेखक जॉन सलिव्हन. लंडनच्या पेकहॅममधल्या नेल्सन मंडेला हाउस नावाच्या इमारतीत राहणारा डेल (डेव्हिड जेसन) आणि त्याचा धाकटा भाऊ रॉडनी (निकोलस लिंडहर्स्ट). पिवळी तीनचाकी व्हॅन, सुटकेसमधून विकलेला संशयास्पद माल, आणि डेलचं पालुपद: पुढच्या वर्षी या वेळेला आपण लखपती असू. आईविना वाढलेली पोरं, घरात म्हातारा, धंद्यात कायम खोट. हे बाबांना समजावून सांगावं लागणार नाही.

१९९६ च्या ख्रिसमसला तीन भाग आले, २५, २७ आणि २९ डिसेंबरला. पहिल्यात दोघं भाऊ बॅटमन-रॉबिन बनून फॅन्सी ड्रेस पार्टीला निघतात, वाटेत व्हॅन बंद पडते, म्हणून धुक्यातून धावत जातात. पोचल्यावर कळतं की यजमानच वारलाय आणि तिथे सुतकी मंडळी बसलीत. तेवढा तुकडा आईंना अक्षरांशिवायही कळेल. दुसऱ्यात आपोआप झालेल्या गर्भपाताचा दुःखद प्रसंग आहे, तो आधी कानावर घालून ठेव. आणि तिसरा, 'टाइम ऑन अवर हँड्स', माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वोत्तम.

त्यात डेलच्या जोडीदाराचे, रॅकेलचे, आईवडील पहिल्यांदा जेवायला येतात. अल्बर्टकाका स्वयंपाकघरात ग्रेव्हीच्या दाण्यांचा आणि कॉफीच्या दाण्यांचा घोळ घालतात. त्यामुळे मटणावर कॉफी पडते, जेवणानंतर कपात ग्रेव्ही येते, आणि पाहुणे सभ्यपणे गिळत राहतात. दुसऱ्या दिवशी रॅकेलच्या वडिलांना गॅरेजच्या अडगळीत एक जुनं घड्याळ दिसतं. ते १८व्या शतकातल्या जॉन हॅरिसनचं निघतं आणि सदबीजमध्ये ६२ लाख पौंडांना जातं. डेल लिलाव सुरू होतानाच चक्कर येऊन पडतो.

पण मला आवडतो तो त्याआधीचा लिफ्टमधला प्रसंग. रॉडनी दुःखात आहे, कुणाशी बोलत नाही. लिफ्ट बंद पडते, दोघं अडकतात, नाइलाजाने तो मन मोकळं करतो. मग कळतं की लिफ्ट डेलनेच बंद पाडली होती. विनोदी मालिकेत असं लिहायला पंधरा वर्षांची पात्रं लागतात.

तो भाग २ कोटी ४३ लाख लोकांनी बघितला. देशाची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या आत होती.

एकच अट. तिथेच थांबायचं. २००१, २००२, २००३ च्या ख्रिसमसचे भाग लावायचे नाहीत.

रेडिंगची_रमा

वा, हे घरी लगेच वाचून दाखवलं. पण २००१ वर एवढा राग का?

पेकहॅमचा_पाहुणा

कारण १९९६ ला गोष्ट संपली होती. पैसे मिळाले, तिघं सूर्यास्ताकडे चालत गेले. लोकांनी आग्रह धरला, बीबीसीला ख्रिसमसची रात्र भरायची होती, मग पाच वर्षांनी त्यांना परत आणलं. परत आणायचं तर परत गरीब करायला हवं. त्यामुळे मध्य अमेरिकेतल्या बाजाराच्या घसरणीत सगळा पैसा बुडाला असं दाखवून मंडळी माँटे कार्लोहून पुन्हा त्याच फ्लॅटवर. अल्बर्टकाकांचं काम करणारे बस्टर मेरीफिल्ड १९९९ मध्ये गेले, पबवाल्या माइकचं काम करणारे केनेथ मॅकडॉनल्ड २००१ मध्ये. ती पोकळी भागभर जाणवते. डेल तोच, वाक्यं तीच, टाळ्याही त्याच जागी. बघणारे तरीही दोन कोटींच्या वर होते. पण ते जुन्या ओळखीपोटी आले होते.

माझं म्हणणं असं की ख्रिसमस स्पेशल ताजा राहतो तो वर्षभराच्या साध्या, अर्ध्या तासाच्या भागांमुळे. त्यात पात्रांना नोकरी लागते, भांडण होतं, कुणी प्रेमात पडतं. सणाचा भाग त्या साठ्यावर जगतो. साधे भाग बंद करून नुसता सण ठेवला की साठ्यात भर पडत नाही. मिसेस ब्राउनचं नेमकं हेच झालंय. २०११ ते २०१३ तीन सीझन झाले, मग जवळजवळ दहा वर्षं मुख्यतः ख्रिसमस आणि न्यू इयर. २०२३ मध्ये छोटा सीझन आला, तोवर सवय मोडली होती. वर्षातून एकदा अर्धा तास मिळाला तर लेखक तरी काय करणार? झाड आणणार.

आजोळ_कोकण

मला पटलं नाही. आपण गणपतीत दरवर्षी तीच आरती म्हणतो, तिथे कुणी 'यंदा नवीन काय' विचारतं का? झाड पडणारच हे माहीत असतं म्हणूनच इथले लोक बघतात. माझी लीड्समधली शेजारीण, सत्तरीपुढची, वर्षभर मिसेस ब्राउन लावत नाही, पण ख्रिसमसला नातवंडांसोबत बघतेच. झाड आल्याबरोबर पोरं ओरडायला लागतात.

शिवाय त्या कार्यक्रमाची गंमत संहितेत नाहीच. ब्रेंडन ओकॅरल स्वतः आईचं काम करतो, त्याची खरी बायको मुलगी होते, बहीण शेजारीण विनी होते, मुलगा तो झाडवाला बस्टर. समोर प्रेक्षक बसलेले. कुणी वाक्य विसरलं, हसू फुटलं की तसंच ठेवतात. जत्रेतल्या नाटकासारखं बघायचं ते. टीकाकारांनी सुरुवातीपासून नाक मुरडलं, तरी २०१६ मध्ये 'रेडिओ टाइम्स'च्या वाचकांनी त्याला एकविसाव्या शतकातली सर्वोत्तम विनोदी मालिका म्हणून निवडलं.

सासूसोबत नको, हे मात्र मान्य.

पेकहॅमचा_पाहुणा

@आजोळ_कोकण, नातवंडांचा मुद्दा मान्य. पण ती पोरं झाडाला ओरडतात, रमाच्या सासूबाई ओरडणार नाहीत. सवयीवर चालणारा विनोद बाहेरच्या माणसाला उपयोगाचा नाही. धागा त्याचाच आहे.

उशिरा_उठणारा

पाहुणेसाहेब, तुमच्या साठ्याच्या सिद्धांताला 'द रॉयल फॅमिली' (Royle आडनावाच्या कुटुंबाची मालिका, राजघराणं नव्हे) बसत नाही. सीझन २००० मध्ये संपले. २००६ मध्ये एकच खास भाग आला, 'द क्वीन ऑफ शीबा', आजीच्या शेवटच्या दिवसांवर. मालिकेतला सर्वात चांगला भाग तो. बाफ्टा हा इथला मोठा पुरस्कार मिळाला.

रमाताई, तुम्ही मात्र ख्रिसमसच्या दिवशी तो लावू नका. वयस्कर माणसं समोर आहेत.

पेकहॅमचा_पाहुणा

बसतो की. तिथे सहा वर्षं थांबले आणि सांगण्यासारखं काही घडल्यावरच आले. त्यानंतर २००८ पासून पुन्हा ख्रिसमसचे भाग यायला लागले, ते किती जणांना आठवतात?

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, तुम्ही भांडत बसा. ताई, एक साधा प्रश्न. बाबांनी स्टार प्लसवर फारूख शेखचं 'जी मंत्रीजी' पाहिलं होतं का? २००१ च्या सुमाराचं. मूळ 'येस मिनिस्टर'. पाहिलं असलं तर काम झालं. त्याचा 'पार्टी गेम्स' नावाचा खास भाग १९८४ च्या डिसेंबरात आला होता, तासाभराचा. सुरुवातीला मंत्रिमहोदय हॅकर ख्रिसमसच्या ग्रीटिंग कार्डांच्या ढिगाऱ्यावर सह्या करत बसलेत, आणि शेवटाला युरोपवाले ब्रिटिश सॉसेजचं नाव बदलणार अशी हूल उठवून ते पंतप्रधान होतात. अख्खं राजकारण एका सॉसेजवर! बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला हॅकरच्या सचिवाची, सर हम्फ्रीची फाइल समजावून सांगायची गरज नाही. एक शिवी नाही. उच्चार स्वच्छ.

हाही भाग दोन मालिकांच्या मधला आहे. आधी 'येस मिनिस्टर', १९८६ पासून 'येस, प्राइम मिनिस्टर'. म्हणजे पाहुणेभाऊंचंच म्हणणं, साठा भरलेला असताना काढलेला.

रेडिंगची_रमा

@वऱ्हाडी_ठेचा, 'जी मंत्रीजी' म्हटल्यावर बाबा व्हॉट्सॲपवर लगेच "सूर्यप्रकाश सिंह!" असं उत्तरले. हे पक्कं. आईंसाठी अजून एक हवंय, राजकारण त्यांना नको.

केकवाली

आईंसाठी 'द व्हिकार ऑफ डिब्ली'. १९९६ चाच ख्रिसमस, भागाचं नाव 'द ख्रिसमस लंच इन्सिडेंट'. गावात आलेली स्त्री पाद्री, डॉन फ्रेंच. एकेक जण तिला ख्रिसमसच्या दुपारी जेवायला बोलावतो आणि ही कुणालाच नाही म्हणू शकत नाही. मग एका घरचं पूर्ण जेवण, तिथून दुसऱ्या घरी पूर्ण जेवण, मध्ये ब्रसेल्स स्प्राउट्स खायची पैज. प्रत्येक घरी ती त्याच उत्साहाने खुर्चीत बसते, फक्त बसायला वेळ थोडा जास्त लागत जातो. आग्रहाच्या पंगतीत बसलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल. शेवटी चहाच्या कपासोबत एक वात्रट विनोद असतो, तो नको असेल तर नावं येताना बंद करायचं.

चौथं नाव म्हणून 'द गुड लाइफ', १९७७ चा ख्रिसमस. शेजारीण मार्गोला झाड सहा इंच कमी भरलं म्हणून ती ते परत पाठवते, आणि त्याच व्हॅनमधून तिचा अख्खा ख्रिसमस परत जातो. मग ती शेजाऱ्यांच्या फुकटच्या, घरी केलेल्या ख्रिसमसला जाते. वर्तमानपत्राच्या टोप्या! तीस भागांत संपवली ती मालिका, म्हणून आजही चांगली वाटते.

चहाबाज

'गॅव्हिन अँड स्टेसी'चं कुणीच नाव घेत नाही? २०१९ चा ख्रिसमस, दहा वर्षांच्या खंडानंतर, नंतर बघणारे (कॅच-अप) धरून १ कोटी ७० लाखांवर लोक. आणि २०२४ ला शेवट, त्याच रात्री १ कोटी २३ लाख. इथे कोण शिळं म्हणेल?

केकवाली

मस्तच आहे, पण आधीचं न बघता स्मिथी आणि नेसाचं काय चाललंय ते कसं कळणार? २०१९ चा भाग संपतोच मुळी अशा जागी की पुढची पाच वर्षं देश वाट बघत बसला. रमाने स्वतः जानेवारीत पहिल्यापासून बघावं.

रेडिंगची_रमा

सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्यासोबत 'लंच इन्सिडेंट' चाचणी म्हणून बघून टाकला. हसलो, आणि कुठेही अवघडलो नाही. आता बेत असा: भाषण झालं की 'पार्टी गेम्स', मग चहा, मग व्हिकार. २६ ला बॅटमन, आणि २७ ला घड्याळ. मधला भाग वगळते, आईंना त्रास होईल.

प्रश्न दोन. मधला वगळला तर घड्याळाचा भाग कळेल का? आणि व्हिकारचं पुढे लग्न होतं का? नवऱ्याला आत्ताच हवंय.

पेकहॅमचा_पाहुणा

कळेल. फक्त रॉडनी आणि त्याची बायको कॅसँड्रा यांचं बाळ पोटातच गेलंय एवढं एका वाक्यात सांग, नाहीतर लिफ्टचा प्रसंग वाया जाईल. 'ओन्ली फूल्स' आयप्लेअरवर नसेल तर गोल्ड वाहिनी बघ, सणाच्या दिवसांत लावतात. आधीच्या सीझनांत मात्र शिरू नका, काही शेरे आज कानाला खटकतात.

आणि घड्याळ आवडलं तर बाबांना ग्रिनिचच्या वेधशाळेत ने. मालिकेतलं घड्याळ कल्पित, पण हॅरिसन खरा, मूळचा सुतार. समुद्रात रेखांश कसा काढायचा हा प्रश्न त्याने घड्याळाने सोडवला. त्याची खरी यंत्रं तिथे ठेवलेली असतात. सणात बंद असतं, वेळा बघून जा.

केकवाली

लग्नाचं सांगत नाही. २००७ च्या १ जानेवारीचा भाग बघायला सांग त्याला. सीझन संपून सात वर्षं झाली होती, तरी चांगला आहे, आणि यावर पाहुणेसाहेबांनी नवीन सिद्धांत काढू नये.