पॅटागोनियात फिरता फिरता स्पॅनिश येईल का?

रावेरची_केळी: डिसेंबरात दीड महिना चिलीत जातेय. कारेतेरा आउस्त्राल हा दक्षिणेकडचा महामार्ग, पुएर्तो मोंत शहरापासून १,२४० किमी, मिळेल त्या बसने. स्पॅनिश शून्य. मोबाइलवर शिकतेय, पण 'मुलगा सफरचंद खातो' याच्या पुढे गाडी जात नाही. क्लास लावू की तिथेच शिकू?

भुसावळ_जंक्शन: आकडे, तिकीट, जेवण एवढं इथूनच पाठ करून जा, ताई. बाकीचं पाऊस शिकवतो. त्याच रस्त्यावरच्या कोयाइके गावात बस आली नाही म्हणून दोन दिवस एका आजीच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसलो होतो. तिनं माते दिला, धातूच्या नळीनं ओढायचा कडू काढा. मी शहाणा, पहिल्याच फेरीला 'ग्रासियास' म्हणालो. झालं! मातेच्या बैठकीत त्याचा अर्थ 'आता पुरे'. भांडं मला चुकवून पुढे गेलं ते गेलंच.

धुळेकर७२: आणि वाक्याच्या शेवटी 'पो' ऐकू आला तर शब्दकोश उघडू नका, तो आपल्या 'ना'सारखा. चिलीवाले 'स'ही गिळतात. सीमेपलीकडे अर्जेंटिनात पाऊस 'युविया'चा 'शुविया' होतो. आपण खानदेशी केळीला 'केयी' म्हणतो, मग हसायचं कुणाला?

रावेरची_केळी: बरं, केळ्याला काय म्हणतात?

भुसावळ_जंक्शन: चिलीत 'प्लातानो', अर्जेंटिनात 'बनाना'. आणि भाव विचारू नका, रावेरच्या माणसाला चक्कर येईल.