किरणजीत अहलुवालिया खटला : राग 'अचानक'च यायला हवा का?

रामबागवाली, इंदूर
एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या किरणजीतनी इंग्लंडमध्ये 1989 मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेट्रोल टाकून पेटवलं. आधी खून ठरला, जन्मठेप झाली, 1992 मध्ये सुटका. वर्गात सांगितलं, प्रोव्होकेशन, म्हणजे चिथावणीने स्वतःवरचा ताबा सुटल्याचा बचाव, मान्य झालं. पण तिथल्या 1949 च्या डफी खटल्यापासून ताबा 'अचानक' सुटायला हवा होता ना? ती तर तो झोपेपर्यंत थांबली.

मला हे आतून टोचतं. लहानपणी खालच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला यायच्या. वाटी डाव्या हातात, उजवं मनगट पदराखाली. आई विरजणासोबत हळद उगाळून द्यायची, विचारायची काही नाही. अंगावर धावून जाणाऱ्याचा राग अचानक येतो. काकूंनी कुठून आणायचा?

जिल्हा कोर्टातला वकील
बेटा, प्रोव्होकेशन अपिलातही टिकलं नाही. तिच्या नैराश्याचा वैद्यकीय पुरावा पहिल्या खटल्यात आलाच नव्हता. त्यावरून शिक्षा रद्द होऊन फेरखटल्याचा आदेश झाला. मग 1957 च्या कायद्यातल्या डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटीवर, म्हणजे मानसिक आजाराने जबाबदारी कमी झाल्याच्या बचावावर, मॅन्सलॉटर (खुनापेक्षा कमी गंभीर मनुष्यवध) मान्य झालं; शिक्षा तेवढीच, जेवढी भोगून झाली होती. तिथे खून ठरला की जन्मठेपच, न्यायाधीशाचे हात बांधलेले. आणि जबर दुखापतीचा हेतूही खुनाला पुरतो. म्हणून खुनाचं मॅन्सलॉटर करणाऱ्या या अर्धवट बचावांवर एवढी झुंज.

बडोद्याची अनघा
आता तिथे प्रोव्होकेशन उरलंच नाही. 2009 च्या कायद्याने ते काढून 'लॉस ऑफ कंट्रोल' (ताबा सुटणं) हा बचाव आणला, ऑक्टोबर 2010 पासून लागू. ताबा अचानक सुटायची अट गेली, गंभीर हिंसेची भीतीही कारण धरली जाते. ठरवून उगवलेला सूड मात्र चालत नाही. तरी ताबा सुटलाच पाहिजे, हे उरलंच. भीतीने गोठून शांतपणे वागणारी बाई मग कुठे बसते? मला ही त्रुटी मोठी वाटते.

रामबागवाली, इंदूर
काका, मनापासून आभार. म्हणजे तिला सुटायला आधी आजारी ठरावं लागलं. आपल्या न्याय संहितेचं कलम 101 आत्ताच उघडलं : पहिल्या अपवादात 'गंभीर आणि अचानक' चिथावणी. आणि तो आजारपणाचा अर्धा दरवाजा आपल्याकडे नाहीच, वेडाचा काय तो बचाव. काकू मागच्या वर्षी गेल्या. आईला हे वाचून दाखवलं, तर ती उठून आत गेली.