सरावाच्या दिवशी क्रमवारी लॅप टायमर अ‍ॅपवर लावावी का?

शंकूशेठ :
पुण्याच्या आसपास मुरमाचं मैदान मिळवून, कोन (प्लॅस्टिकचे शंकू) मांडून ऑटोक्रॉसचा, म्हणजे कोनांमधून एकेक गाडी वेळ लावून पळवण्याचा, सराव करणाऱ्यांसाठी हा धागा. बीम टायमिंगचा (गाडीने प्रकाशकिरण तोडला की वेळ नोंदवणारा) संच आणा, सुरुवातीला आणि शेवटाला स्टँड लावा, वर एक माणूस उन्हात बसवा. कशाला एवढा खटाटोप? फोनमध्ये रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमर हे अ‍ॅप, जोडीला २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा जागा टिपणारा, रेसबॉक्स मिनी हा जीपीएस रिसीव्हर, आणि अ‍ॅपच्या वेळेवर दिवसाची क्रमवारी. सरावापुरतं एवढं बास आहे. नसेल पटत तर आकड्यांत सांगा.

मुरूमवाला :
घ्या आकडे. गाडी ताशी ५४ किमीने जातेय, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. बहुतेक फोनांचं जीपीएस सेकंदाला एकच बिंदू देतं. मधल्या १५ मीटरांत स्लॅलमचा (नागमोडी जायच्या कोनांच्या रांगेतला) एखादा कोन अख्खा गायब, आणि रेषा कधी ओलांडली ते अ‍ॅप अंदाजाने भरतं. २५ हर्ट्झला हेच अंतर ६० सेंटिमीटर, मान्य. पण बिंदू दाट झाले म्हणून जागा अचूक होत नाही. उघड्या आभाळाखालीही मीटर-दीड मीटर इकडेतिकडे होतंच. या वेगाला दीड मीटर म्हणजे ०.१ सेकंद. पहिल्या-दुसऱ्यातला फरक कित्येकदा एवढाच असतो.

शंकूशेठ :
पण ती चूक दर क्षणाला उड्या मारत नाही हो, हळूहळू सरकते. मिनिटभराच्या रनमध्ये सुरुवातीला आणि शेवटाला ती जवळपास एकाच बाजूला असते. एकच रिसीव्हर सगळ्या गाड्यांत फिरवला की झालं.

तिरकी_रेष :
शंकूशेठ, अर्धंच सांगितलंत. समजा रिसीव्हर गाडीला एक मीटर उत्तरेला दाखवतोय. गाडी सुटताना उत्तरेकडे आणि संपवताना पण उत्तरेकडे, तर दोन्ही रेषा सारख्याच लवकर लागतात आणि चूक बरीचशी खपून जाते. पण मैदान लहान म्हणून कोर्स वळवून शेवट दक्षिणेकडे काढला, तर सुरुवात लवकर आणि शेवट उशिरा. चुका बेरजेत जातात. अ‍ॅपवर मोजायचं तर दोन्ही रेषा एकाच दिशेने ओलांडल्या जातील असाच कोर्स मांडा.

दुसरं, सुरुवातीची रेष गाडी उभी राहते तिथे काढू नका. उभ्या गाडीचाही बिंदू थरथरतो आणि घड्याळ आधीच सुटतं. तीन मीटर पुढे काढली तरी तिथे वेग जेमतेम सेकंदाला ४ मीटर, म्हणजे एका मीटरच्या चुकीला पाव सेकंद गेला. वीसेक मीटर पुढे काढा. वेग १० मीटरच्या आसपास पोचतो, चूक ०.१ वर येते.

मुरूमवाला :
म्हणजे पहिले वीस मीटर मोजायचेच नाहीत! क्लच कोणी नीट सोडला आणि कोण चाकं फिरवत जागीच माती उडवत बसला, तो फरक क्रमवारीतून बाद. मुरमावर सुटणं हे निम्मं कसब आहे. आणि कोन पडला तर अ‍ॅपला काय कळणार? अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत कोनामागे २ सेकंद चढतात, आपल्याकडे त्या-त्या स्पर्धेची नियमावली सांगेल तेवढे. उन्हात माणूस बसवावा लागतोच.

गॅरेजकट्टा :
क्रमवारीचं तुमचं चालू द्या. अ‍ॅपचा खरा उपयोग दोन रनचे वेगाचे आलेख एकमेकांवर टाकून बघण्यात आहे. आडव्या अक्षावर वेळ नको, अंतर घ्या. स्लॅलमच्या पहिल्या दोन कोनांना वेग जास्त आणि शेवटच्या दोनांना आलेख कोसळलेला दिसला, तर समजा आत शिरतानाच घाई झालीय. चालू रनमधला डेल्टा (आधीच्या रनपेक्षा किती पुढे-मागे आहात तो आकडा) मात्र बंद ठेवा. तीन-चार रनांच्या दिवसात त्याला धड संदर्भच मिळत नाही आणि नजर कोनांवरून उडते.

ओबीडीच्या (गाडीच्या निदान सॉकेटमधून मिळणाऱ्या) वेगावर विसंबू नका, तो चाकांकडून येतो. मुरमावर चाकं घसरली की गाडी ४५ ने आणि आकडा ७० चा.

नवा_चालक :
रिसीव्हर डॅशबोर्डवर ठेवला तर चालेल का?

गॅरेजकट्टा :
टपावर मधोमध, घट्ट चिकटवून. काचेला धातूची फिल्म असेल तर आत सिग्नल मरतो. सुरू केल्यावर दोन-चार मिनिटं उघड्यावर राहू द्या, लगेच रन मारू नका. फोन एप्रिल-मेच्या उन्हात काचेमागे तापून बंद पडतो, तो सावलीत बांधा. नुसता खोचला तर पहिल्याच वळणाला पायाखाली येईल, आणि पेडलखाली गेला तर वेळ मोजायचं राहूनच जाईल.

तिरकी_रेष :
कोर्स रेषेजवळून परत जात असेल तर अ‍ॅपमध्ये रेषेची रुंदी दहा मीटरच्या आत ठेवा. नाहीतर गाडी मधेच शेजारून गेली तरी रन संपला म्हणून नोंद होते. सुरुवात-शेवट वेगळे असलेला प्रकार निवडा, बंद लॅपचा नाही.

शंकूशेठ :
ठीक. कोनांचा माणूस बसवू. पण बीम नसेल तिथे काय, स्टॉपवॉच? त्यात तर दाबणाऱ्याचा हातच ०.२ खातो. अ‍ॅपच घ्या, आणि ०.२ च्या आतला फरक असेल तर सरळ बरोबरी धरा.

मुरूमवाला :
पहिला-दुसरा बरोबरीत, दुसरा-तिसरा बरोबरीत, तिसरा-चौथा बरोबरीत. मग पहिल्या आणि चौथ्यात अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तर ट्रॉफी कोणाच्या घरी पाठवायची, ते आधी लिहून लावा.