काठची झाडी तुटली, तरी पावसाळ्यात व्हाळातले (ओढ्यातले) मासे सारखेच कसे?

व्हाळकाठी: दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या व्हाळाच्या एका फाट्यावर करंज, जांभूळ आणि उंबरांची दाट सावली आहे, तर दुसऱ्या फाट्यालगतची जमीन काजूच्या नव्या कलमांसाठी थेट काठापर्यंत मोकळी केली आहे. मार्चमध्ये दोन्हीकडचे मासे स्पष्टपणे निराळे दिसतात. जुलैत मात्र जाळ्यात सारखेच येतात. मग काठच्या झाडीचा परिणाम होतो, असे म्हणावे का?

कोंडवाला: होतो, पण जुलै ही तो पाहण्याची वेळ नव्हे. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर सरकतात आणि उरलेलेही पाणी पसरेल तिथे पांगतात, त्यामुळे तेव्हा जाळ्यात सापडलेला मासा त्याच फाट्याचा रहिवासी असेलच असे नाही. पाऊस ओसरून व्हाळ सुट्या कोंडींपुरता, म्हणजे डोहांपुरता उरला, की निवड सुरू होते. सावलीतली कोंड थंड राहते, आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. उघड्या कोंडीत गर्दी वाढत असतानाच तो कमी पडू लागतो.

मळ्या: एक सावधगिरी सुचवतो. मळ्या हा मासा खालच्या ओठामागच्या चकतीने दगडाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. झाडी गेली की ऊन वाढते, उन्हाने शेवाळ वाढते, आणि सुरुवातीला मळ्याची संख्याही वाढू शकते. म्हणून नुसती डोकी मोजणाऱ्याला तोडलेला फाटाच समृद्ध वाटेल. उलट, फांद्यांवरून पडणारे किडे टिपणारे आणि कुजत्या पानांवर वाढणाऱ्या अळ्या खाणारे मासे तिथे उपाशी राहतात. पुढे उघड्या काठाची माती दगडांच्या फटींत बसली, की तिथली अंडीही गुदमरतात. तेव्हा नोंद जातवार करावी.

कोंडवाला: हे मान्य. तरी सगळे श्रेय सावलीला देऊ नये, कारण नव्या कलमांना पाणी देण्यासाठी पंप त्याच कोंडीत सोडला जात असेल, तर माशांतला फरक उथळ झालेल्या पाण्यामुळेही पडू शकतो. पंप सुरू होण्याआधी आणि नंतर दोन्ही फाट्यांवर सारख्याच लांबीच्या पट्ट्यात, एकाच आसाच्या (भोकांच्या मापाच्या) जाळ्याने नोंद घ्यावी. सोबत कोंडीची खोली आणि दुपारचे तापमान लिहावे, आणि मोजलेले मासे लगेच त्याच कोंडीत सोडावेत.